वाचलेल्या बायकांची पोथी

त्या श्रावणात आमच्या घरी जी पोथी लागली ती पोथी नव्हतीच. ते समुपदेशनाचं पुस्तक होतं, आणि त्याची पोथी होण्याचं सगळं श्रेय माझ्या शिवणकामाला जातं.

पुस्तक मला धाराशिवच्या एका समुपदेशक बाईंनी दिलं होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईनं पुन्हा कसं उभं राहायचं, ते त्यात सांगितलेलं. पण मुखपृष्ठावर हे सगळं इतक्या ठळक अक्षरांत छापलं होतं, की एसटीत मांडीवर ठेवलं असतं तर कंडक्टरनं तिकिटाआधी चौकशी केली असती. माकणीला आमच्या घरात ते उघडं ठेवायची सोयच नव्हती. वर्तमानपत्राचं कव्हर घालावं, तर भजी निथळायला कागद कमी पडला की सासूबाई कुठलाही कागद ओढतात. म्हणून मी उरलेल्या लाल खणाचं कव्हर शिवलं आणि हौसेनं वर नाडीसुद्धा लावली. आता लाल खणात बांधलेलं जाड पुस्तक म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. मलाच तेवढं सुचलं नाही. मी पडले दुष्काळी भूमची. भूमकडच्या माणसांना पाण्यासारखी अक्कलही टँकरनंच येते, असं सासूबाईंचं मत आहे, आणि त्या दिवशी टँकर आला नव्हता.

सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं, गल्ली म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचं माहेर कर्नाटकच्या हद्दीवरचं. त्यामुळं रागवायचं मराठीत आणि माया करायची कानडीत, असा त्यांचा कारभार. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि पूजा आटोपली की सून आज काय फोडणार याची वाट बघणं.

कारण मी फोडायचे. मागून कुणी आलं की दचकायचे, आणि हातातलं जे असेल ते खाली. कपबशा गेल्या, काचेची बरणी गेली. "माजी सून न्हाय, ससा हाय," अव्वा पाहुण्यांना सांगायच्या. पुढं त्यांनी मला स्टीलच्या पेल्यातनं चहा द्यायला सुरुवात केली, आणि तोही मागून कधी दिला नाही. समोर उभं राहून, आधी खाकरून द्यायच्या.

आता मूळ गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बी.ए.ला असताना मी कॉलेजसाठी मावशीच्या घरी राहायचे. मावशीच्या थोरल्या मुलानं माझ्यावर जबरदस्ती केली. एकदाच नाही. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, बहिणीचं घर आहे, गप बस. मी गप बसले. लग्न झालं, मुलगी झाली, तरी गपच. नवऱ्याला एवढंच सांगितलेलं, की कॉलेजात असताना माझ्यासोबत वाईट झालंय. कुणी केलं ते त्यानं विचारलं नाही. खोलीत येण्याआधी दारातूनच काहीतरी बोलायची सवय मात्र त्यानं लावून घेतली. खताच्या दुकानातला भाव सांगायचा, नाहीतर उगाच गाणं म्हणायचा. गाणं फार वाईट म्हणतो, पण मला ते आवडायचं.

मुलगी वर्षाची व्हायला आली आणि तिच्या जावळाचं बोलणं निघालं. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मला सख्खा भाऊ नाही. त्यामुळं माझ्या लेकीचा मामा म्हणून पहिला मान कुणाचा, हे सगळ्या नात्यागोत्याला न विचारता ठाऊक होतं. मावशीचा थोरला. माझी मुलगी त्याच्या मांडीवर बसणार होती, आणि घरात एकटी मीच होते जिला हे होऊ द्यायचं नव्हतं. पण का, हे सांगायला तोंड उघडत नव्हतं. म्हणून मी डोळे तपासायचं निमित्त सांगून धाराशिवला त्या बाईंकडं जायला लागले.

"तुजा डोळ्याचा डाक्टर लई हुशार दिसतोय," अव्वा एकदा म्हणाल्या. "चष्मा दिला न्हाय, थेंब दिलं न्हाय, आन् तू येताना रडून येतीस, वर जिलेबी आणतीस."

तर ते लाल खणातलं पुस्तक मी डाळीच्या डब्यांमागं ठेवलं होतं. अव्वांना ते सापडलं.

"पोथी अशी डब्यामागं टाकत्यात व्हय गं? देवाला उंदीर समजलीस का काय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पदरानं पुस्तक पुसलं, विभूतीची बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं आणि ते देवघरात चढलं. अव्वांना सही करता येते आणि एसटीची पाटी वाचता येते, त्यापलीकडं अक्षरांशी त्यांचं येणंजाणं नाही. देवघरातनं पोथी काढून घेणारी सून मी होऊ शकत नव्हते. संध्याकाळी दिवा लागला, शेजारच्या काकूंना निरोप गेला, आणि मला फर्मान आलं. "बा, कुंद्रु. लाव पोथी."

म्हणजे ये, बस. कानडीत होतं, म्हणजे मायेनं होतं. सुटकाच नव्हती.

मी पहिलं पान उघडलं. वरचा भाग गिळला आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली, "वाचलेल्या स्त्रियांसाठी."

"वाचलेल्या म्हंजे?" अव्वांनी लगेच अडवलं. "शिकलेल्या बायांसाठीच हाय का? मग आमी अडाणी बायांनी काय उठून जावं?"

"तसं नाही, अव्वा. सगळ्यांसाठी आहे."

"मग तसं ल्ह्यायचं की. पोथी ल्हिणाराला काय अक्कल हाय का न्हाय?"

लिहिणाऱ्याबद्दल माझंही तेच मत होतं, पण वेगळ्या कारणानं. पुस्तक कुठल्यातरी परक्या भाषेतनं मराठीत ओढत आणलेलं होतं आणि वाटेत त्याचे कपडे फाटले होते. ‘आपल्या अंतर्मनातील घायाळ बालिकेस प्रेमाने कुशीत घ्या,’ असं मी वाचलं.

"कुणाची पोरगी म्हणं ती?" काकूंनी विचारलं.

"आपलीच."

"मग घ्यायचं की," अव्वा म्हणाल्या. "इचारायचं काय त्यात?"

दुसऱ्या अध्यायात निळ्याशार समुद्राच्या काठी बसल्याची कल्पना करायची होती. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. थोडी चर्चा होऊन गावच्या धरणावर बसायचं ठरलं. आम्ही डोळे मिटले. काकू लगेच घोरायला लागल्या. त्या तशा पोथीला यायच्या प्रसादासाठी, आणि सुधारस असेल तर लवकर यायच्या. अव्वा मात्र पाठ ताठ करून बसल्या. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाल्या, "ग्वाड वाटलं. पर तिकडं माशाचा वास लई येतोय."

एका अध्यायात लिहिलं होतं, की मन घाबरलं, जुनं काही आठवून अंग गार पडलं, तर भोवती दिसणाऱ्या वस्तूंची मोठ्यानं नावं घ्यावीत. मी वाचून थांबले. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आता ह्या वयात नाव घ्यायचं व्हय?"

नाव घेणं म्हणजे उखाणा. आमच्याकडं दुसरा अर्थच नाही. मी समजवायला गेले, पण तोवर उशीर झाला होता. काकूंनी समोर दिसणाऱ्या पिठाच्या डब्यावर यमक जुळवत काकांचं नाव घेतलं. अव्वांनी तुळशीवर घेतलं. अव्वांचे मालक जाऊन बरीच वर्षं झालीत. नाव घेताना त्या लाजल्या. अशा रीतीनं तो अध्याय संपला. पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हे कळलं असतं तर तिनं काय केलं असतं कोण जाणे.

पण मी खोटं का बोलू? मला त्याचा उपयोग झाला. दुपारी मी नवऱ्याच्या दुकानात बसायचे. एकदा त्या मावसभावासारखं तेल लावलेलं एक गिऱ्हाईक माझ्या अगदी मागं येऊन उभं राहिलं, आणि माझे हात थरथरायला लागले. मी मनात म्हटलं, युरियाचं पोतं. वजनकाटा. फवारणीचा पंप. भिंतीवरचं सोयाबीनचं कॅलेंडर. मग यमक जुळवायचा मोह झाला, आणि फवारणीच्या पंपाला काही केल्या यमक सापडेना. तेवढ्यात हात थांबले. गिऱ्हाईक तणनाशक घेऊन गेलं.

काही पानं मी वगळत होते. जिथं त्या गोष्टी सरळ शब्दांत लिहिल्या होत्या, जिथं ‘विश्वासातल्या एका व्यक्तीला सांगा’ असं होतं, तिथं मी पान उलटायचे आणि मधल्या जागेत महादेवाची थोडी स्तुती घालायचे. अव्वांनी चारेक दिवस ऐकून घेतलं.

"तुजी पानं दोन-दोन उलटत्यात गं," त्या म्हणाल्या. "आमी अडाणी हाव, आंधळ्या न्हाय."

मी म्हटलं, चिकटली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि समईतली वात सारखी केली.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. काकू प्रसाद घेऊन गेल्या होत्या. मुलगी झोळीत झोपली होती. अव्वा निरांजन पुसता पुसता म्हणाल्या, "दिवाळी झाली की सोमवारी जावळ काढू. तुज्या त्या मावसभावाला म्या आज लेकाकडनं फोन लावून घिऊन आवतन दिलं. लई ग्वाड बोलला. म्हनला, भाचीला मांडीवर घ्यायची कवाची हौस हाय."

अंग गार पडलं. समई, मी म्हटलं. निरांजन. झोळीची दोरी. पितळेची घंटा. मोठ्यानं म्हणत होते हे मला नंतर कळलं, कारण अव्वा हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत होत्या. त्यांना हा अध्याय पाठ होता.

"अव्वा," मी म्हटलं, "पहिल्या पानावर वाचलेल्या बायका असं आहे ना, त्या शिकलेल्या नव्हेत."

"मग कोण?"

"जिवानिशी वाचलेल्या. बाईवर कुणी जबरदस्ती केली आणि त्यातनं ती वाचली, तशा बायका. ही पोथी नाही. त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे."

अव्वांनी निरांजन खाली ठेवलं. मग विचारलं, "आन् तू कशापायी वाचतीस?"

"मी पण वाचलेलीच आहे."

एवढं वाक्य बोलायला मला किती वर्षं लागली होती, आणि ते इतकं सरळ निघालं की माझं मलाच नवल वाटलं. अव्वा खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या पाटाशिवाय बसत नाहीत, त्या तशाच फरशीवर बसल्या.

"कोण?"

"ज्याला आवतन दिलंत तो."

"तुज्या आईला ठाव हाय?"

"तेव्हाच सांगितलं होतं. गप बस म्हणाली."

मी रडले. अव्वांनी मला कुशीत वगैरे घेतलं नाही. तसलं त्यांना जमत नाही. त्या एकदम भडकल्या, आणि भडकल्या त्या माझ्यावरच.

"आन् मला पोथी म्हणून ऐकवलीस! म्या तिला विबुती लावली, बेल वाह्यला, रोज आरती केली! महादेवाला काय वाटलं असंल?"

मला रडता रडता हसू आलं. त्यांनाही ते दिसलं आणि त्या आणखी चिडल्या. मग म्हणाल्या, "महादेवाला आधीच ठाव असंल म्हणा. मलाच न्हवतं."

फोन त्यांनी त्याच संध्याकाळी लावला. नंबर मीच लावून दिला, कारण त्यांना लावता येत नाही. दोनदा चुकला. आमच्याकडं दिलेलं आवतन माघारी घेणं म्हणजे गावभर बोलणी खायचं काम. लग्नात भांडण झालं तरी कुणी ते करत नाही.

"जावळाचं आवतन दिलं हुतं, ते माघारी घेतीया," अव्वा म्हणाल्या. "येऊ नगंस."

तिकडनं तो काहीतरी विचारत होता.

"कशापायी ते तुला ठाव हाय. पुन्ना ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस. साकु."

साकु म्हणजे पुरे. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो बंद कसा करायचा हेही त्यांना येत नव्हतं, आणि तो तिकडं अजून "अहो ऐका" म्हणत होता. बंद मी केला.

नवऱ्याला मीच सांगितलं, नावानिशी. तो दुकानाच्या किल्ल्या नुसत्याच हातात घोळवत बसला. मग म्हणाला, मी काय करू? मला कुणाचं डोकं फुटायला नको होतं. मी म्हटलं, चहा कर. त्यानं केला. इतका वाईट चहा मी जन्मात प्यायले नव्हते, त्यात साखरेऐवजी बहुतेक खतच होतं. आम्ही दोघांनी तो पूर्ण संपवला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मावशीनं तिला झाडून काढलं होतं. आई मला म्हणाली, झालं गेलं तू उकरून काढलंस, आता मी कुठल्या तोंडानं बहिणीकडं जाऊ? जावळालाही येणार नाही म्हणाली. मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की सगळं मोकळं होतं. पुस्तकातही तसंच काहीसं लिहिलं होतं. झालं नाही. आई येणार नाही याचं मला फार वाईट वाटलं, आणि तिचा फार रागही आला. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटाव्यात हे त्या पुस्तकाला नीट सांगता येत नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, वाटू द्या दोन्ही. तेवढ्यासाठी मी धाराशिवपर्यंत एसटीनं उभी गेले होते. पण बरं वाटलं.

पोथी बंद होईल असं मला वाटलं होतं. अव्वांना ते मान्य नव्हतं. लावलेलं वाचन अर्धं सोडायचं नाही. फक्त आता पानं चिकटायची नाहीत, अशी तंबी मिळाली. जे जसं आहे तसं मी वाचायला लागले. माझ्याबद्दल अव्वा काकूंना एक अक्षर बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुजं तू सांगशील तवा. माज्या तोंडून न्हाय." काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, की ही बायांची पोथी आहे, पुढं जरा अवघड हाय. एका संध्याकाळी मी वाचत होते, की घडलं त्यात बाईची चूक नसते, ती गप्प राहिली असली तरी नसते. वाचून वर बघितलं तर काकू घोरत नव्हत्या. जाग्या होत्या.

"पुन्ना वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्या प्रसाद न घेताच घरी गेल्या. अव्वांनी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू सगळ्यांत आधी येऊन बसल्या होत्या, आणि त्या दिवशी सुधारसही नव्हता.

दिवाळी झाली. सोमवारी महादेवाच्या देवळात पाहुणे जमले. पोरीला नवा फ्रॉक घातला होता आणि तो तिला अजिबात पसंत नव्हता. आल्यागेल्याचा एकच प्रश्न, मामा कुठंय?

"मामाला सुट्टी न्हाय," अव्वा सांगत होत्या.

"कुठं कामाला असतोय?" एका चुलत सासऱ्यांनी खोदून विचारलं.

"कामच न्हाय त्याला, मग सुट्टी कोन देनार?"

चुलत सासरे या उत्तरावर विचार करत बाजूला झाले. नाभिकानं वस्तरा धुतला, पाट मांडला आणि वर बघून म्हणाला, "बसवा मामाला."

कुणीतरी म्हणालं, गावातल्या एखाद्याला मामा करा, चालतं. दोन-तीन माणसं पुढं सरकलीसुद्धा. मी मुलीला छातीशी धरून उभी होते. ती माणसं चांगली होती, ओळखीची होती, तरी माझे हात सुटत नव्हते. तेवढ्यात अव्वांनी माझा दंड धरला. समोरून धरला.

"तू बस."

"अव्वा, आई बसत नाही. लोक काय म्हणतील?"

"कुंद्रु," त्या म्हणाल्या.

मी पाटावर बसले. पोरगी माझ्या मांडीवर. मामाला टॉवेल-टोपीचा आहेर करायची पद्धत आहे, तो आणून ठेवलेला होताच. अव्वांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत ती पांढरी टोपी माझ्या डोक्यावरच्या पदरावर चढवली. ती जरा मोठी होती आणि डोळ्यांवर आली. बायका फिसकन हसल्या. चुलत सासऱ्यांनी तोंड फिरवलं. नाभिकानं वस्तरा हातात धरून अव्वांकडं बघितलं, सुरुवात करू का म्हणून.

"कर," अव्वा म्हणाल्या. "मामा आलाय."

वस्तरा लागताच पोरीनं देऊळ डोक्यावर घेतलं, आणि मी तिला गच्च धरून बसले.